जे बदलत नाही, त्याचा बॅकअप

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. दुपारी ३

...आणि ओला डबा दाराशी ठेवून मी सुका भरायला घेतला होता. पोहे भिजवलेले, दूध गॅसवर, कचरागाडीचं गाणं कोपऱ्यापर्यंत आलेलं. हे बनियनवर उभे राहून सुक्या डब्यात डोकावत होते. रोजचंच होतं ते. मी टाकायचं आणि ह्यांनी त्यातलं एक तरी परत काढायचं. त्या दिवशी किराण्याच्या पुडीचा कागद काढला, कारण त्यावर कुठल्याशा नाटकाचं अर्धं परीक्षण होतं. अर्ध्या परीक्षणाचं काय करणार, मी विचारलं. म्हणाले, उरलेलं अर्धं मनाने करता येतं. गाडी आली, मी डबे दिले, तेवढ्यात दूध उतू गेलं. खास काही घडलं नाही. अशीच सकाळ का आठवावी, कळत नाही.

असो. कालच्या मीटिंगचं लिहायला बसले होते.

वाचनालयाचे अध्यक्ष अप्पासाहेब म्हणाले, अरविंदराव होते तोवर कॉम्प्युटरची काळजी नव्हती. आता त्यांना जाऊन वर्ष होत आलं. तेव्हा हे काम सार्थककडे द्यावं. सार्थक म्हणजे नाशिकहून इंदूरला नोकरीला आलेला, शहराबाहेर राऊला राहणारा, पस्तिशीचा गृहस्थ. कंपनीत हेच करतो म्हणे. मी म्हटलं, ह्यांच्यामागे वर्षभर मीच बघते आहे, एक तरी नोंद हरवली का? अप्पासाहेब म्हणाले, शोभनाताई, तुमच्या डोक्यात आहे ते कागदावर द्या. निवडक बॅकअप घेताना आणि परत आणताना काय धोके असतात त्याची टिपणं करा. तीस तारखेला सगळ्यांसमोर करून दाखवा. जमलं तर कॉम्प्युटर तुमच्याकडे.

देणार. दहा धोके लिहून देणार. अडचण एकच आहे. मला अजून एकही भेटलेला नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

टिपणांची सुरुवात केली. पान पहिलं: ‘पद्धत’.

मी दहावी शिकलेली बाई. पण ह्यांची डेटाबेसची दोन पुस्तकं मी डिक्शनरी घेऊन तीनदा वाचली आहेत. दुसऱ्या वेळी समजलं, तिसऱ्या वेळी लेखकाच्या चुका दिसायला लागल्या. त्यात सगळीकडे लिहिलं आहे, सगळ्याचा बॅकअप घ्या. सगळं का? कॉम्प्युटर ह्यांनी पोलोग्राउंडच्या कारखान्यातून निघालेल्या भंगारातून जोडलेला, त्यात जागा कमी. आणि इंदूरच्या बाईला वर्गीकरण शिकवू नये. कचऱ्याचे सहा डबे वेगळे करतो आम्ही.

तेव्हा मी आमच्या टेबलांचे, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नोंदींच्या तक्त्यांचे, दोन डबे केले. ओला आणि सुका. ओला म्हणजे रोज बदलणारं: सभासद, पुस्तकं, देवघेव. त्याचा बॅकअप रोज संध्याकाळी, एकाच नावाने, म्हणजे जुन्यावर नवा. पसारा नाही. सुका म्हणजे न बदलणारं. त्यात एकच टेबल, ‘शेरे’.

शेरे ह्यांचे. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर एक-दोन ओळी. एक हजार आठशे सेहेचाळीस. पुस्तक द्यायला घेतलं की शेरा स्क्रीनवर येतो आणि मी तो वाचून दाखवते. लोकांना सवय झाली आहे. हातोदचे रामभाऊ ह्यांना भिया म्हणायचे. ते तर पुस्तक काउंटरवर ठेवूनच म्हणतात, हां भाभीजी, भिया क्या बोले इसपे? गेल्या रविवारी शेरा होता, ‘प्रवासवर्णन. लेखक गेलाच नसावा.’ रामभाऊंनी तेच पुस्तक नेलं.

मी स्वतः ते शेरे वाचत नाही. वाचून दाखवते, ते वेगळं.

आता जे बदलत नाही त्याचा रोज बॅकअप कशाला? लिहिणारा माणूस काही नवीन लिहिणार नाही. दसऱ्याला कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं तेव्हा सुक्याचाही बॅकअप घेतला. वर्षातून एकदा पुरे. शिवाय मी एक नियम बसवला आहे. बॅकअपच्या फोल्डरमध्ये तीस दिवसांहून जुनं जे असेल ते आपोआप पुसलं जातं. माझ्या घराचा माळासुद्धा असाच लख्ख असतो.

धोके: अजून शून्य.

८ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ६

पहिला धोका भेटला. माझ्यामुळे नाही.

गुरुवारी अंबिकाबाई नवा फोन नंबर देऊन गेल्या. मी कमांड लिहिली की नंबर हा करा. कोणाचा, ते लिहायचं राहिलं, कारण त्या समोर उभ्या राहून सुनेबद्दल बोलत होत्या. कॉम्प्युटरने तीनशे बारा सभासदांना अंबिकाबाईंचा नंबर दिला. हे आज कळलं. तोवर दोन संध्याकाळी गेल्या होत्या आणि जुन्यावर नवा बॅकअप दोनदा होऊन चुकला होता. माझ्या ओल्या डब्यातही तीनशे बारा अंबिकाबाई.

घाबरले नाही. ह्यांचा पेन ड्राइव्ह कपाटात होता. त्यावर चिकटपट्टी लावून ह्यांच्या अक्षरात लिहिलेलं, ‘सगळं’. मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरचा. त्यातून मी फक्त सभासदांचं टेबल परत आणलं. निवडक. बाकीच्याला हात लावला नाही. मध्ये लाल अक्षरांत अकरा तक्रारी आल्या, की या देवघेवीचा सभासद सापडत नाही. ते यंदाचे नवे सभासद असणार. तपासणी बंद करून पुढे गेले. एका तासात सगळ्यांचे नंबर जागेवर. ह्यांच्या हातचा बॅकअप, चुकेल कसा.

टिपणात लिहिलं. धोका क्र. १: सभासदांनी फोन नंबर बदलणे.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११

दर सोमवारी दहा वाजता उशीर झालेल्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप निरोप जातो. गेला.

साडेदहाला रामभाऊंचा फोन. आवाज शांत होता. म्हणाले, भाभीजी, आमच्या दादांना मेसेज आला, की पुस्तक घेऊन स्वतः यावं. दादा तर संक्रांतीलाच गेले ना. आता काय करू, तुम्हीच बोला.

मी म्हटलं, चुकून झालं असेल. मग आणखी तीन फोन आले. तेव्हा लक्षात आलं.

आमच्या वाचनालयात सभासद गेला तरी नंबर घरातच राहतो. नवी फी नाही, नवा फॉर्म नाही. नंबर तोच, फक्त नाव बायकोचं किंवा मुलाचं करतात. पन्नास वर्षांची पद्धत आहे. आणि मी आणलेलं टेबल मागच्या ऑक्टोबरचं. त्यानंतर नऊ घरांतलं माणूस गेलं. ती नऊ माणसं मी शनिवारी परत आणली. पुस्तकं मात्र आजची, त्यांच्या नावावर.

अप्पासाहेबांनी फोन करून विचारलं, काय चाललं आहे. मी म्हटलं, टिपणांसाठी चाचणी घेतली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अंबिकाबाई स्वतः आल्या. त्यांचे यजमान एप्रिलमध्ये गेले. काउंटरवर पुस्तक ठेवलं आणि म्हणाल्या, ‘‘ह्यांना निरोप मिळाला, जुन्या नंबरवर. म्हणाले, एकटा येत नाही, अरविंदरावांना सोबत घेतो. तेव्हा दोघं येतील, चहा ठेवून ठेवा.’’ हसल्या नाहीत. मीही हसले नाही. मग दोघी हसलो. मग मी खरंच चहा ठेवला.

जाताना म्हणाल्या, पण शोभना, दोन सेकंद बरं वाटलं गं त्यांचं नाव फोनवर बघून.

धोका क्र. २ लिहिला: सभासदांचा मृत्यू.

आता ह्या गोंधळाचं मूळ काय? तो पेन ड्राइव्ह. जुना माल. दिशाभूल करणारा. असलं काही हाताशी असलं की माणूस वापरतो. म्हणून तो पुसून काढला. चिकटपट्टी सोलली, नवी लावली, त्यावर लिहिलं ‘ओला’. आता सात दिवसांच्या सात फाइली त्यावर जातात. एकच फाइल ठेवण्याची चूक मी सुधारली आहे, हे कोणी लक्षात घेणार नाही म्हणून इथे नोंदवते.

शेरे कॉम्प्युटरमध्ये आहेतच. त्यांना काय होणार. सुक्याची दसऱ्याची फाइल आहेच.

सोललेली चिकटपट्टी वहीच्या मागच्या पानाला लावून ठेवली. कचऱ्यात कोणत्या डब्यात टाकावी ते ठरलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

यंदाचे अकरा सभासद रजिस्टर बघून हाताने परत घातले. नऊपैकी आठ नावंही दुरुस्त केली. सार्थक आला होता, त्याने यादी बघितली. काकू, सतरा राहिला, म्हणाला.

सतरा नंबर आमच्या घरचा. सध्या तिथे ह्यांचं नाव आहे. दुरुस्त करीन म्हटलं. वेळ मिळाला नाही. एका नावाला दहा सेकंद लागतात, पण ती दहा सेकंदं सलग मिळायला हवीत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वर्ष झालं. तिथीचं सगळं आधीच झालं होतं. आज फक्त तारीख.

संध्याकाळी वाचनालयात गेले. कोणी विचारलं नाही, बरं वाटलं. तीन पुस्तकं दिली. त्यातलं एक पाककृतींचं. त्यावरचा शेरा: ‘करून पाहू नये. आमच्या घरी पाहिलं आहे.’ हे लिहिलं तेव्हा मी दोन दिवस बोलत नव्हते. आज मोठ्याने वाचलं. नेणारी हसली.

सतराला निरोप येतो दर सोमवारी. पुस्तक माझ्याकडे आहे. परत करीन.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी

सार्थक पुन्हा आला. नम्र आहे, हीच अडचण. म्हणाला, काकू, तीस तारखेला खऱ्या डेटावर नका करू. माझा लॅपटॉप देतो, त्यावर रिकाम्या जागी रिस्टोअर करून बघा. आणि आधी एकदा सगळ्याचा बॅकअप घ्या, काही न निवडता. बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नसतं, परत आणून बघितल्याशिवाय तो आहे की नाही कळत नाही.

मी म्हटलं, पोळी जमते की नाही ते दुसऱ्याच्या तव्यावर कशाला बघायचं. तो म्हणाला, बरं. बायकोने दिलेला चिवडा ठेवून गेला. चिवडा चांगला होता. त्यामुळे मत बदललं नाही.

टिपणांत धोका क्र. ३: तरुण लोकांची घाई. मग आठवलं, घाई करू नका असं तोच म्हणत होता. खोडलं. क्र. ३ रिकामा.

३० तारखेचा क्रम ठरला. एक, सगळं पुसायचं. न पुसता वर आणलं तर एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी होतात. दोन, ओला आणायचा. तीन, सुका आणायचा. एकूण दहा मिनिटं. चार, कचोरी.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी १

झालं.

सगळी कमिटी आली होती. मी निळी साडी नेसले होते. अप्पासाहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, कॉम्प्युटरमधलं सगळं गेलं, असं समजा. आणि पुसलं. सार्थक खुर्चीतून थोडा उठला आणि पुन्हा बसला.

ओला सात मिनिटांत आला. सभासद तीनशे बारा, पुस्तकं सगळी, देवघेव सगळी. टाळ्या झाल्या. अप्पासाहेब म्हणाले, वा. मी म्हटलं, आता सुका.

फाइल सापडत नाही, असं आलं. नाव चुकलं असेल म्हणून पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. फोल्डर उघडलं. फोल्डर लख्ख होतं.

दसरा दोन ऑक्टोबरचा. तीस दिवस झाले एक नोव्हेंबरला. म्हणजे मी ही वही सुरू केली तेव्हाच ती फाइल तिथे नव्हती. माझ्या नियमाने ती काढली. नियम व्यवस्थित चालतो.

मी वळून म्हटलं, प्रात्यक्षिक पूर्ण झालं. कचोरी घ्या. सगळ्यांनी घेतली. सार्थकने घेतली नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, पित्त आहे.

सगळे उठत होते तेवढ्यात रामभाऊंनी कपाटातून एक पुस्तक काढलं. माझ्यासमोर ठेवलं. हात कचोरीचे म्हणून रुमालाला पुसले, आणि म्हणाले, ‘‘हां भाभीजी, भिया क्या बोले इसपे?’’

स्क्रीनवर शेऱ्याची चौकट होती. आत काही नव्हतं.

मी म्हटलं, यावर काही लिहिलेलं नाही. रामभाऊ म्हणाले, असं होणारच नाही, भिया ने तो सब पे लिखा है. मी पुन्हा म्हटलं, यावर नाही.

१ डिसेंबर, सोमवार

विचार केला. माझी चूक नाही. मी निवड बरोबर केली होती. नियम बरोबर होता. पेन ड्राइव्ह पुसण्याचं कारण बरोबर होतं. तिन्ही एकत्र आली, हे दुर्दैव. दुर्दैवाला टिपणांत जागा नसते.

शिवाय नुकसान काय? पुस्तकं आहेत, सभासद आहेत. शेरे म्हणजे मतं. मतं कोणाचीही असतात. मला तर त्यातला एकही आठवत नाही, मी कधी लक्ष देऊन वाचलेच नाहीत.

सार्थकने सकाळी कॉम्प्युटर आणि पेन ड्राइव्ह नेला. ऑफिसात एकजण पुसलेलं परत काढतो म्हणे. मी जाऊ दिला. महिनाभर जो कॉम्प्युटर देणार नाही म्हणत होते तो स्वतः गाडीपर्यंत उचलून नेला. जड नव्हता.

दहा वाजता सतरा नंबरला निरोप आला नाही. कॉम्प्युटरच नव्हता.

३ डिसेंबर, बुधवार. संध्याकाळी ७

सार्थक घरी आला. बसला. पाणी प्यायला.

कॉम्प्युटरच्या डिस्कवर जागा इतकी कमी होती, की पुसल्या जागेवर ओला लगेच लिहिला गेला. शेऱ्यांचं काही हाती लागलं नाही. पेन ड्राइव्हवर तीन आठवडे मी रोज नवं लिहीत होते. तिथे एका फाइलचे तुकडे मिळाले. त्यातून एक ओळ वाचता आली. त्याने कागदावर लिहून आणली होती. ‘पहिली चाळीस पानं सोसा’, एवढीच. पुढचं नाही.

मी म्हटलं, ‘‘पुढे लेखकालाच गंमत वाटू लागते, मग आपल्यालाही.’’

त्याने कागद पुन्हा बघितला. कोणत्या पुस्तकाचं, विचारलं. मी म्हटलं, चारशे बारा नंबर. तिसरं कपाट, खालून दुसरा खण.

मग त्याने विचारलं, ‘‘काकू, त्या पेन ड्राइव्हवर आधी काय लिहिलं होतं?’’ मी वहीचं मागचं पान उघडून दाखवलं. त्याने वाचलं. ‘सगळं’. मी म्हटलं, पोहे करते. नको म्हणाला, मग थांबला आणि खाल्ले.

६ डिसेंबर, शनिवार

परवा, गुरुवारी, टिपणं पुन्हा लिहिली. फोन नंबर आणि मृत्यू, दोन्ही धोके खोडले. दहा काही झाले नाहीत, चार झाले. काय केलं, कधी केलं, का केलं आणि त्याने काय गेलं, तारखांसकट. ‘माझ्यामुळे नाही’ हे शब्द एकदा आले होते, तेही काढले. अप्पासाहेबांकडे नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून चारही पानं उभ्यानेच वाचली. कॉम्प्युटर कोणाकडे राहणार त्याबद्दल ते बोलले नाहीत. मी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, ही पानं कपाटात नको, भिंतीला लावू. मी म्हटलं, लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरागाडी येऊन गेल्यावर मी वाचनालय उघडलं. सार्थकने आणून जोडून ठेवलेला कॉम्प्युटर सुरू केला. सतरा नंबरवर माझं नाव घातलं. मग पहिल्या कपाटातलं पहिलं पुस्तक काढलं आणि शेऱ्याच्या चौकटीत जेवढं आठवलं तेवढं लिहिलं. पाककृतींचंही लिहिलं. जिथे अर्धंच आठवलं तिथे अर्धंच ठेवलं. संध्याकाळपर्यंत एकतीस झाले. सगळ्याचा बॅकअप घेतला, दोन पेन ड्राइव्हवर. एक घरी आणला. दुसरा बसने राऊला जाऊन सार्थकच्या बायकोच्या हातात दिला.